रीफ टँकमधले एप्टेशिया ब्लेडने खरवडल्यावर चौपट झाले, आता काय करू?

तुमच्या प्रश्नात एवढं दिलंय: सांगलीत घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, थोडे मऊ कोरल, दोन क्लाउनफिश. खडकावर तपकिरी, अर्धपारदर्शक झुडपासारखं काहीतरी आलं, ते ब्लेडने खरवडलं आणि महिन्याभरात पाच-सहाचे वीस-पंचवीस झाले. दुकानदार म्हणतो पेपरमिंट कोळंबी सोडा, ओळखीचा कोणी म्हणतो पानाचा चुना लावा.

दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण आधी ते ब्लेड कायमचं बाजूला ठेवा. हा एप्टेशिया, म्हणजे फुलासारखा दिसणारा उपद्रवी समुद्री प्राणी (अॅनिमोन). त्याच्या पायाचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा खडकाला चिकटून राहिला, तरी त्याला पुन्हा तोंड आणि सोंडा फुटतात. खडकावरून सरकतानाही तो मागे असे तुकडे सोडत जातो, तीच त्याची वाढायची रीत. तुम्ही ब्लेडने त्याचं काम सोपं करून दिलंत. त्यामुळे नियम एकच: मारायचा तर जागच्या जागी अख्खा मारायचा, नाहीतर हात लावायचा नाही.

ओळख पक्की करून घ्या. एप्टेशियाचा देठ लांब आणि बारीक असतो, सोंडा टोकाला निमुळत्या होत जातात. काडीने नुसतं टोचलं की क्षणात भोकात गुडूप. मजानो नावाचा दुसरा उपद्रवी अॅनिमोन बुटका, जाडसर असतो, त्याच्या सोंडांची टोकं फुगीर आणि बऱ्याचदा जांभळट किंवा हिरवी असतात. नळीतून पिसारा बाहेर काढणारे किडेही टोचल्यावर असेच आत जातात, पण त्यांची नळी मागे दिसत राहते. ते निरुपद्रवी आहेत, त्यांना मारू नका.

वीस-पंचवीस ही संख्या हाताने आटोक्यात येणारी आहे, म्हणून चुन्यापासून सुरुवात करा. हवं ते शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाचा चुना मुळात तोच पदार्थ, पण ट्यूबमध्ये किंवा डबीत आणखी काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही, म्हणून तो नको. भिंतीला लावायचा चुना, किंवा आपल्याकडच्या साखर कारखान्यांत उसाचा रस निवळायला वापरतात तो, हेही टाकीत नको. अॅक्वेरियमसाठी मिळणारी कालकवासरची पावडर घ्या, नाहीतर कॉलेजच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीची छोटी बाटली आणा. डबा घट्ट बंद ठेवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की त्याचं चॉक होतं आणि मग तो एप्टेशियाला काहीच करत नाही. वर्षभर उघड्या पुडीत पडलेला चुना लावून ‘याने काही होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पाव चमचा पावडर आरओच्या पाण्यात थेंब थेंब घालत पातळ पिठल्याइतकी सरसरीत करा. ५ मिलीची सिरिंज आणि १८ गेजची, म्हणजे गुलाबी बुडाची सुई घ्या. इन्सुलिनची बारीक सुई हटकून तुंबते. सुईचं टोक कानशीवर घासून बोथट करा, कारण टोचायचं नाहीये, तोंडावर सोडायचंय. चुन्याच्या या पेस्टचा पीएच बाराच्या वर असतो. एक थेंब डोळ्यात उडाला तरी इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा.

लाइट चालू असताना, सगळे पूर्ण उघडलेले असताना वेव्हमेकर (लाटा करणारा पंखा) आणि रिटर्न पंप (टाकीत पाणी परत आणणारा) बंद करा. पाणी स्थिर होऊ द्या. सुई बाजूने हळूहळू आणा, सावली पडली तरी तो मिटतो. तोंडाच्या चकतीवर अर्ध्या सेंटीमीटरवरून पाव ते अर्धा मिली पेस्ट अलगद सोडा. घाईने दाबलीत तर तो झटक्यात आत जातो आणि पेस्ट भोकाच्या तोंडाशी साचते. नीट सोडली तर तो तिच्यावरच मिटतो आणि आतून जळतो. त्याच वेळी पांढरे धागे बाहेर येताना दिसतील, ते डंखाचे धागे आहेत. शेजारी कोरल असेल तर धागे त्याला लागू देऊ नका. वीस मिनिटांनी उरलेला पांढरा थर बारीक नळीने ओढून काढा, मगच पंप चालू करा. कोरलवर चुना सांडला तर तो भागही मरतो.

एका दिवसात आठ-दहाच्या वर नाही. २०० लिटरमध्ये एवढी पेस्ट खपते, त्याहून जास्त झाली की पीएच चढतो. ८.५ च्या वर जाताना दिसला तर थांबा. आटलेल्या पाण्याची रोज भर घालताना (टॉप-अप) त्यातून कालकवासर देत असाल तर त्या दिवशी ते बंद ठेवा. दुसरं कारण असं की मेलेलं मांस सडून अमोनिया वाढतो. आणि हे काम एप्रिल-मेच्या दुपारी करू नका. आधीच पाणी तापलेलं, त्यात ऑक्सिजन कमी, वर पंप बंद. लाइट गेली तर वेव्हमेकर पुन्हा कधी सुरू होईल ते आपल्या हातात नसतं. सकाळी करा. दहा दिवसांनी परत बघा, निम्मे तरी कुठून तरी डोकं काढतातच. दोन-तीन फेऱ्या धरूनच चला.

भोकात खोल बसलेल्याला पेस्ट लागत नाही. तिथे सुई शाबूत ठेवून देठातच अर्धा ते एक मिली साधा पांढरा व्हिनेगर सोडतात. सुई देठात बसली तरच उपयोग, नुसत्या भोकात सोडलेला व्हिनेगर पाण्यात विरून जातो. इपॉक्सी पुट्टीने भोक बुजवणं हाही उपाय आहे, मात्र चारी बाजूंनी नीट दाबलं नाही तर तो कडेने वाट काढतो.

आता कोळंबी. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते, पण छोटे. दोन सेंटीमीटरचा मोठा ती सहसा सोडून देते, म्हणून चुन्याने मोठे संपवून छोट्यांसाठी ती सोडायची. तुमच्या टाकीला तीन-चार पुरतात. घेताना नीट पाहा: पेपरमिंटचं अंग पारदर्शक, त्यावर बारीक लाल रेषा. तिच्या नावाखाली बऱ्याचदा कॅमल कोळंबी विकली जाते. तिची पाठ कुबडासारखी उचललेली, डोळे मोठे आणि अंगावर लाल-पांढरे ठळक पट्टे. ही मऊ कोरल आणि झोअँथिड (बटणांच्या पुंजक्यासारखे दिसणारे कोरलचे नातलग) खाते, म्हणजे एक कटकट घालवायला दुसरी आणली. दुकानातल्या माशांच्या टाकीत रोगासाठी तांबं घातलेलं असू शकतं, कोळंबीला ते विष आहे. दुकानाचं पाणी तुमच्या टाकीत ओतू नका. मुंबईहून रात्रीच्या प्रवासात आलेली पिशवी असेल तर ठिबक लावून दीड-दोन तास द्या, खारटपणा हळूहळू जुळवा. आणि माशांना रोज पोटभर पेलेट मिळत असतील तर कोळंबी एप्टेशियाकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला जरा उपाशी ठेवा.

बर्घिया नावाची शंख नसलेली छोटी समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियावरच जगते. सगळ्यांत भरवशाचा उपाय तो, पण सांगलीत बसून ती मिळवणं हा वेगळाच उद्योग आहे. मिळाली तर आठ-दहा तरी घ्या, रात्री सोडा, आणि टाकीत कोळंबी किंवा सिक्सलाइन रॅस असेल तर घेऊच नका, ती खाऊन टाकतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि एप्टेशिया संपले की तीही उपाशी मरते. मजानो ती खात नाही. कॉपरबँड बटरफ्लाय मासा बरेच जण सुचवतात. २०० लिटर त्याला अपुरे आहेत, शिवाय दुसरं खाणं तो क्वचितच पटकन धरतो. फाइलफिश चालेल, पण त्याने कोरलला चोच मारली तर नंतर पकडायला टाकी उपसावी लागते.

खडक काढून उकळा, हा सल्ला ऐकाल. तो मुळीच मानू नका. झोअँथिड आणि त्याच गटातल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते वाफेतून श्वासात जातं, आणि घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यावं लागल्याचे प्रकार झालेले आहेत. कोरल नसलेला खडक मेच्या उन्हात गच्चीवर तीन-चार आठवडे कडकडीत वाळवा. परत घालण्याआधी बादलीत खारं पाणी आणि पंप लावून अमोनिया शून्य होईपर्यंत ठेवा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त खडक काढू नका, जिवाणूंचा तोल जातो. त्याऐवजी नवा खडक घेणार असाल तर कोरडा घ्या. आपल्या समुद्रातला खरा प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली पहिल्या अनुसूचीत आहे, तो बाळगणंही गुन्हा.

तांब्याचं औषध, मीठ वाढवणं, दिवे महिनाभर बंद ठेवणं, यातलं काही करू नका. एप्टेशिया तग धरतो, कोरल मरतात. मात्र खाणं कमी करा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नीट चालवा, संप (गाळणीची खालची टाकी) आणि ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली सांडतं त्या कप्प्याच्या) कोपऱ्यांत टॉर्च मारून बघा. तिथून नवी पिल्लं टाकीत येत राहतात आणि लोक खडकच दोषी धरतात.

पुढचा फ्रॅग (कोरलचा विकत मिळणारा छोटा तुकडा) घेताना तो ज्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटवलाय त्याची खालची बाजू भिंगाने तपासा. डिपमध्ये (कोरल धुवायच्या औषधी पाण्यात) बुडवून एप्टेशिया मरत नाही. कोरल प्लगपासून कापून नव्या प्लगवर जेलवाल्या सुपरग्लूने लावा आणि जुना प्लग कचऱ्यात टाका, संपमध्ये नाही.