नुसत्या प्रार्थनेनं काय होते? – वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, मी नागपूरला सदर भागात राहते, वय २३, आमच्या पॅरिशच्या, म्हणजे इथल्या कॅथलिक चर्चच्या, युथ ग्रुपमध्ये आहे. गर्भपाताविरुद्ध काहीतरी करायचं असं ग्रुपमध्ये ठरलं, तर काही जण म्हणून राहिले की एखाद्या नर्सिंग होमसमोर पोस्टर घेऊन उभं राहू, काही म्हणतात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणू. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात कायद्यात परवानगी आहे मग तुम्ही कोण अडवणारे, आणि नुसत्या प्रार्थनेनं काय होते? मला उत्तरच सुचत नाही.

उत्तर: मैत्रिणींचं कायद्याचं म्हणणं खरं आहे, ते आधी मान्य करून टाक. १९७१ पासून आपल्याकडे गर्भपाताचा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. पण कायद्यात बसतं म्हणजे ते योग्यच असं चर्चनं कधी मानलं नाही, अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा 'दिदाखे' नावाचा छोटासा ग्रंथ आहे त्यातही गर्भपात करू नये असं स्पष्ट लिहिलंय. पोटात राहिल्या क्षणापासून तो एक माणूस आहे, देवानं ओळखलेला, एवढंच आपलं म्हणणं, आणि मी ते मनापासून मानते.

आता प्रार्थनेचं. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातला पहिला अध्याय काढ. येशूची आई मरिया, तिला नुकतेच दिवस गेलेत, लग्न अजून व्हायचंय, म्हणजे लोक काय बोलतील याची भीती तिच्याही डोक्यावर होतीच, आणि ती उठून डोंगराळ भागात तिच्या नात्यातल्या, गरोदर असलेल्या एलिझाबेथकडे जाते. एलिझाबेथच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं, मरिया देवाची स्तुती गाते, इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण पुढची ओळ आपण वाचतच नाही, की मरिया तिच्याकडे जवळपास तीन महिने राहिली. उतारवयात पहिलटकरीण असलेल्या बाईकडे तीन महिने राहायचं म्हणजे काय ते घरात बाळंतपण पाहिलेल्या कोणालाही विचार. स्तुतिगीत आणि ते तीन महिने मला वेगळे करताच येत नाहीत, म्हणून 'नुसती प्रार्थना' हा शब्दच मला पटत नाही.

पोस्टर घेऊन उभं राहू नका, हे मी ठामच सांगते. त्या दारातून बाहेर येणारी कोण आहे तुम्हाला काय माहीत, तिचं बाळ आपोआप गेलेलं असेल, तिला घरच्यांनी ओढत आणलं असेल. तिनं तुमच्याकडे पाहिलं आणि तिला चर्चची भीती वाटली तर उद्या ती अडचणीत कोणाकडे येणार?

त्यापेक्षा हे करा. अमेरिकेतले आर्चबिशप फुल्टन शीन यांनी एक साधी भक्ती सुरू केली होती, ज्या बाळाचा जीव धोक्यात आहे अशा एका बाळाला, आपल्याला नावही माहीत नसलेल्या, प्रार्थनेत दत्तक घ्यायचं आणि नऊ महिने रोज त्याच्यासाठी मागायचं. २५ मार्चला, मरियेला देवदूताचा निरोप मिळाला त्या सणाला सुरू केलं तर नाताळला बरोबर नऊ महिने होतात. देव ऐकतो यावर माझा विश्वास आहे, त्यात मी काही पुरावा बिरावा देत बसणार नाही. फक्त एक कर, बाळासोबत त्याच्या आईलाही त्या प्रार्थनेत घे, आणि तिचा चेहरा डोळ्यासमोर आण: भंडारा-गोंदियाकडून आलेली, हिंगण्याला एमआयडीसीत कामाला, किरायाची खोली, पोरगा फोन उचलत नाही, घरी सांगायची सोय नाही. रोज अशा पोरीसाठी मागशील तर ती खरोखर समोर आल्यावर तू तोंड फिरवणार नाहीस. तेव्हा ग्रुपचं खरं काम सुरू होते. तिच्यासोबत सकाळी डागा हॉस्पिटलला किंवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात ओपीडीचा कागद काढायला लाइनीत उभं राहायचं, सोनोग्राफीची तारीख लक्षात ठेवायची, लोहाच्या गोळ्या घेते का पाहायचं, खोलीचं किरायाचं काय ते पाहायचं आणि सगळ्यात अवघड म्हणजे चर्चमध्ये कोणालाही तिच्याबद्दल कुजबुज करू द्यायची नाही. बाळ सांभाळणं तिला शक्यच नसेल तर बाल कल्याण समितीकडे कायदेशीरपणे सोपवता येते, आणि विचार बदलायला दोन महिने मिळतात, हे कितीतरी पोरींना माहीतच नसते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. मदर तेरेसांनी १९७९ ला नोबेल घेताना हेच सांगितलं होतं, की आम्ही गर्भपाताशी दत्तक देऊन लढतो.

प्रश्न: मी कामठीची. दोन मुलींनंतर तिसऱ्या वेळेस सासरच्यांनी कुठूनतरी तपासणी करवली आणि मला गर्भपात करायला लावला. बरीच वर्षं झाली. मिस्साला (चर्चच्या उपासनेला) जाते पण कम्युनियन (तिथली पवित्र भाकर) घेत नाही. मला माफी आहे का?

उत्तर: आहे, बाई. पूर्ण आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ पासून प्रत्येक धर्मगुरूला या पापाची क्षमा द्यायचा अधिकार कायमचा दिलाय, म्हणजे बिशपकडे जायची गरज नाही, तुमच्या पॅरिशच्या फादरकडे कन्फेशनला, म्हणजे पाप कबूल करायला, जा, तिथं लाज वाटत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जा, कोणी विचारणार नाही. गर्भपात केला की चर्चमधून आपोआप बहिष्कृत होण्याची जी गोष्ट तुम्ही ऐकली असेल ती शिक्षा मोठ्या भीतीपोटी केलेल्या कृत्याला लागू होत नाही, हे चर्चच्या कायद्यातच आहे. आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या त्यांच्या पत्रात दबाव आणणाऱ्या घरच्यांनाही जबाबदार धरलंय, तेव्हा सगळं ओझं एकट्या तुमच्या डोक्यावर ठेवू नका. त्याच पत्रात ते तुमच्यासारख्या बायांना सांगतात की आशा सोडू नका, तुमचं बाळ देवाच्या दयेवर सोपवा. लिंग तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि बाईच्या मर्जीविरुद्ध गर्भपात करवणं हाही गुन्हाच, म्हणजे चूक कोणाची होती ते कायदाही सांगतो. झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर डॉक्टरला दाखवा, कन्फेशन आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत.

प्रश्न: वहिनीचा गर्भ ट्यूबमध्ये होता, ऑपरेशन करून ट्यूब काढावी लागली. नातेवाईक म्हणतात हाही गर्भपातच, संत जियान्नानं जीव दिला पण बाळ दिलं नाही.

उत्तर: नातेवाइकांना सांगा गप्प बसा. आईचा जीव वाचवायला आजारी ट्यूब काढणं चर्चला मान्य आहे, तिथं बाळ जाणं कोणाचा हेतू नसतो. अशा वेळी उशीर केला तर आई जाऊ शकते. जियान्ना मोल्ला स्वतः डॉक्टर होती, तिच्या गर्भाशयात गाठ होती, गर्भाशय काढलं असतं तरी पाप नव्हतं, तिनं फक्त गाठ काढून घेतली आणि १९६२ साली मुलीच्या जन्मानंतर आठवड्याभरात ती गेली. ती तिची निवड होती, दुसऱ्या बाईच्या अंगावर फेकायची गोष्ट नाही. वहिनीला महिनाभर आराम द्या, आणि मिस्सा सांगायची असेल तर बाळासाठी आणि तिच्यासाठी, दोघांसाठी सांगा.