वाद्य न येणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण

प्रश्न : आम्ही चौघे मित्र घरीच रॉक धाटणीचे प्रयोग करतो आणि ते ध्वनिमुद्रित करतो, मात्र आमच्यापैकी कोणालाही वाद्य धड वाजवता येत नाही. ‘आधी शिका, मग मुद्रण करा,’ असे घरचे म्हणतात. न शिकता, घरीच मुद्रण करून नावारूपाला आलेला एखादा गट आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आहे. अमेरिकेतील ‘द रेसिडेंट्स’ हा गट तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल बसतो. लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्टची ही मित्रमंडळी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात आली आणि वादनात फारशी गती नसतानाही टेपरेकॉर्डरवर प्रयोग करू लागली. गटाकडून सांगितली जाणारी हकिगत अशी की, १९७१ मध्ये त्यांनी ‘वॉर्नर ब्रदर्स’कडे एक टेप पाठवली, पाकिटावर नाव नव्हते, केवळ पत्ता होता, त्यामुळे नकारासह परत आलेल्या टेपवर ‘रेसिडेंट्स’, म्हणजे त्या पत्त्यावरचे रहिवासी, एवढेच लिहिलेले होते, आणि तेच नाव त्यांनी घेतले. पुढे १९७४ साली त्यांनी ‘मीट द रेसिडेंट्स’ ही पहिली पूर्ण लांबीची तबकडी स्वतःच्याच ‘राल्फ रेकॉर्ड्स’तर्फे काढली. सुरुवातीला तिला गिऱ्हाईक जवळजवळ मिळालेच नाही.

त्यांनी हे साधले कसे, हा भाग तुमच्या अधिक उपयोगाचा आहे. बहुतेक गट आधी गाणे बसवतात आणि मग ते मुद्रित करतात. या मंडळींची रचना मात्र टेपवरच आकार घेत असे. एका थरावर दुसरा थर चढवता येतो, नको तो भाग कापून टाकता येतो, आणि टेप निम्म्या गतीने फिरवली की स्वर पूर्ण सप्तकाने खाली उतरतो. यांपैकी कशालाही बोटांत सफाई असावी लागत नाही, कान मात्र तयार असावा लागतो. १९७६ च्या तबकडीसाठी तर त्यांनी १९६० च्या दशकातील लोकप्रिय गाणी आधाराला घेतली, त्यांवर आपले वादन आणि आवाज चढवले, आणि शेवटी मूळ गाणे काढून टाकले. तुमच्याकडे अनेक ट्रॅक हाताळणारे एखादे अॅप असेल, तर हा प्रयोग आजही घरी करता येईल, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण गाण्याची चौकट आयती मिळते.

तरीही घरच्यांचे म्हणणे सर्वस्वी मोडीत काढू नका. फिलिप लिथमन ऊर्फ ‘स्नेकफिंगर’ हे कसलेले इंग्लिश गिटारवादक या गटाबरोबर वाजवत असत. गटाचे सभासद मात्र अनेक वर्षे मुखवट्याआड अनामिक राहिले. चौघांपैकी एकाने तरी एखादे वाद्य नीट शिकून घेतले, तर उरलेल्या तिघांच्या प्रयोगांना मोकळीक अधिक मिळेल.