क्लिनिकल एपिडेमिओलॉजी शिकायला आधी बायोस्टॅटिस्टिक्सचा कोर्स करावा का?

नागपुरात मेडिसिनची रेसिडेन्सी चालू आहे, जर्नल क्लबमध्ये पेपर कळतो पण वॉर्डात त्याचं करायचं काय ते कळत नाही, म्हणून क्लिनिकल एपिडेमिओलॉजी (अभ्यासांतले आकडे समोरच्या पेशंटला लावायचं शास्त्र) शिकण्याआधी बायोस्टॅटचा, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्राचा, ऑनलाइन कोर्स लावू का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढायला सॉफ्टवेअर आहे. समोरच्या पेशंटची प्री-टेस्ट प्रोबॅबिलिटी, म्हणजे तपासणीआधी आजार असण्याची शक्यता, मात्र तुम्हालाच ठरवावी लागते, आणि गाडी अडते ती तिथेच.

पावसाळ्यानंतरचा ताप घ्या. 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफसने (माइट्सच्या अळ्या चावून होणारा ताप) काय हाल केले ते माहीतच असेल. काटोलकडचा शेतमजूर, तापाचा सहावा दिवस, प्लेटलेट कमी, एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) वाढलेलं, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह. आधी कपडे काढून काख, जांघ, कंबर, कानामागे चाव्याची काळी खपली शोधा. ती दुखत नाही, त्यामुळे पेशंट स्वतःहून सांगत नाही. सापडली तर आयजीएमची (स्क्रबच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) वाट बघायचं कारणच नाही. नाही सापडली तर स्क्रबची शक्यता 50 टक्के धरू.

आता आयजीएम. सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्या शंभरात किती पॉझिटिव्ह येतात) 80, स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्या शंभरात किती निगेटिव्ह येतात) 90 धरा. निगेटिव्ह लाइकलिहुड रेशो, म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टने ऑड्सला कितीने गुणायचं तो आकडा: आजार असून निगेटिव्ह येणारे 20 भागिले आजार नसून निगेटिव्ह येणारे 90, म्हणजे 0.22. प्री-टेस्ट ऑड्स (आजार असण्याचं नसण्याशी प्रमाण, 50 ला 50) 1, गुणिले 0.22, परत टक्क्यांत आणलं (0.22 भागिले 1.22) की 18. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही जवळपास पाचातल्या एकाला स्क्रब आहे. आता उंबरठा काढा, म्हणजे शक्यता किती टक्क्यांच्या वर गेली की औषध द्यायचं. डॉक्सीसायक्लिन (स्क्रबवरचं अँटिबायोटिक) 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा विनाकारण दिलं तर मळमळ, पोटात जळजळ. आणि गरज असताना दिलं नाही तर एआरडीएस (फुप्फुसं निकामी होणं), किडनी निकामी. नुकसानाला 1 आणि फायद्याला 9 वजन दिलं, तर उंबरठा नुकसान भागिले दोन्हींची बेरीज, म्हणजे एक भागिले दहा, 10 टक्के. 18 त्याच्या वर आहे, डॉक्सी चालू राहील.

एवढं सोपं गणित असूनही सकाळच्या राऊंडला "रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना, मग बंद करा" म्हणणारे सीनियर भेटतातच. माझं यावरून अनेकांशी वाजलंय, म्हणून स्पष्टच लिहितो: हा अनुभव नाही, आळस आहे. त्यातून तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत केली असेल तर अँटिबॉडीच पुरेशा तयार नसतात, तेव्हा सेन्सिटिव्हिटी 80 धरणंही जास्तच.

उलट बाजूही तितकीच वाईट. ओपीडीतल्या प्रत्येक तापाला आयजीएम लिहिलं आणि खरी शक्यता 5 टक्केच असली, तर शंभरात 4 खरे पॉझिटिव्ह आणि साडेनऊ खोटे. पॉझिटिव्ह रिपोर्टला तिथे 30 टक्केच अर्थ.

तपासणीच्या किटच्या पेपरमध्ये मी आधी बघतो तो कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले आजार नसलेले लोक. रक्तदात्यांचे नमुने घेतले असतील तर स्पेसिफिसिटी फुगलेली असणारच. तुमच्यासमोर रक्तदाता नसतो, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइडचा पेशंट असतो. याला स्पेक्ट्रम बायस म्हणतात. तो कोष्टकात दिसत नाही, मेथड्समध्ये शोधावा लागतो.

औषधांचंही असंच. 1994 च्या फोर-एस ट्रायलमध्ये सिमव्हास्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) मृत्यू 30 टक्के कमी झाले. पण ते आधीच हृदयरोग असलेले लोक होते. साधारण साडेपाच वर्षांत प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटात 11.5 टक्के मृत्यू, औषधाच्या गटात 8.2. फरक 3.3 चा, म्हणजे 30 जणांना दिल्यावर एक जीव वाचतो. हाच 30 टक्क्यांचा आकडा, ज्याचा पाच वर्षांतला धोका 3 टक्केच आहे अशा माणसाला लावला, तर शंभराहून जास्त लोकांना औषध द्यावं लागेल. एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) तुम्हाला फक्त 30 टक्के दाखवणार. बेसलाइन धोका तुम्ही विचारायचा.

राहिला कोर्स. थीसिसचं सॅम्पल साइझ काढायला आणि रिग्रेशन समजायला स्टॅट लागतंच, ते नंतर करा. तोपर्यंत रोज एका पेशंटच्या एका तपासणीआधी टक्का कागदावर लिहा, रिपोर्ट आल्यावर पुन्हा लिहा. आणि हो, वरचे 80, 90, 50 हे सगळे धरलेले आकडे आहेत. तुमच्या किटचे आणि तुमच्या वॉर्डाचे वेगळे निघतील. गरोदर बाई असेल तर डॉक्सीऐवजी अझिथ्रोमायसिन, आणि तिथे उंबरठाही नव्याने काढा.