बिबट्यापेक्षा बाकीच्याच गोष्टी दमवतात

डोंबिवलीहून एका आईंनी लिहिलंय: "मुलगी बीएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे वन्यजीव संवर्धनातच काम करणार म्हणते. तिचे बाबा म्हणतात, हा पोटापाण्याचा धंदा नव्हे. मला तर जनावरांचीच भीती वाटते. अडवू का तिला?"

ताई, नमस्कार.

जनावरांची भीती आधी बाजूला ठेवा. या क्षेत्रातली जी मुलं माझ्यासमोर येऊन बसली, त्यांतल्या एकालाही वाघ-बिबट्याने दमवलेलं नव्हतं. दमवलं ते अकरा महिन्यांच्या कंत्राटांनी, गोचिडांनी आणि रेंज नसलेल्या गावातल्या एकटेपणाने.

त्यातली एक मुलगी सह्याद्रीत कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, कामावर होती. दिवाळीला घरी आली तेव्हा भेटायला आली. पोटऱ्यांवर खाजवून काळे पडलेले डाग, आणि पिशवीत चिवड्याच्या डब्याशेजारी मेमरी कार्डांची डबी. तासभर गमतीजमती सांगितल्या. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "मॅडम, रानडुकरांसाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकला होता. बाइकच्या क्लचची वायर. माणसं पोहोचेपर्यंत मेला." मग थोडं थांबून, "ज्याने फास लावला ना, तो आम्हाला रोज चहा पाजायचा. डुकरांनी त्याचं सगळं भात लोळवलं होतं."

हे शेवटचं तुमच्या लेकीला जरूर वाचून दाखवा. प्राण्यांची आवड असणारी पुष्कळ मुलं येतात. पण ज्याची शेळी रात्री बिबट्याने नेली, त्याच्या ओटीवर बसून त्याच्या शिव्या ऐकून घेणं हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि तो कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत.

समाधान मिळतं का? मिळतं, पण उशिरा. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कभोवती २००४ साली बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, ते तुम्हाला आठवत असेल. 'पकडा आणि लांब नेऊन सोडा' ही तेव्हाची सर्रास मागणी. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात अभ्यास करून दाखवलं, की पकडून भलतीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे तिथे माणसांवरचे हल्ले उलट वाढतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत असं सोडणं टाळा, हे आलं २०११ साली. इतक्या वर्षांच्या पायपिटीचं फळ म्हणजे एक सरकारी कागद! पण त्या कागदाने किती बिबटे आणि माणसं वाचली असतील, त्याचा आनंद ज्याला होतो त्याने या वाटेला जावं.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. संस्थांमधला पगार प्रकल्पाच्या निधीवर चालतो; निधी आटला की नोकरी गेली. त्यावर मुंबईत भाड्याने राहणं कठीणच. कायम नोकरी हवी तर यूपीएससीची भारतीय वनसेवा आहे. प्राणिशास्त्राची पदवी तिथे चालते, फक्त मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. एमपीएससीतून राज्याची वनसेवाही आहे. संशोधनच करायचं असेल तर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था. आणि काहीही केलं तरी संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं) पक्कं करून घ्या म्हणावं. जंगल सुटलं तरी त्या दोन गोष्टी पोट भरतात.

लग्नाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असणारच. अवघड जातं, खोटं कशाला सांगू? काहींना त्याच कामात जोडीदार मिळाले, काहींनी तिशीत काम सोडलं.

अडवू नका, पण लगेच होही म्हणू नका. एक वर्ष मागून घ्या. फोर्टला हॉर्नबिल हाउसमध्ये बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, १८८३पासूनची संस्था. त्यांचा पक्षीशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम करू दे. हिवाळ्यात ठाणे खाडीवर पक्षीगणनेला जाऊ दे. फ्लेमिंगोंचे फोटो सगळेच काढतात. हिने उन्हात उभं राहून आकड्यांचे रकाने भरावेत. पावसाळ्यात एखाद्या प्रकल्पावर महिनाभर राहून यावं, आणि रोज रात्री दोन ओळी का होईना, वहीत लिहाव्यात.

ती वही घेऊन पुढच्या दिवाळीनंतर तिघंही या. बाबांना नक्की आणा. आणि गमबूट घ्याल तेव्हा एक नंबर मोठे घ्या, आत जळवांपासून वाचवणारे जाड मोजे घालावे लागतात.