गायतोंडे यांच्या चित्रात काय पाहावे?

प्रश्न : वासुदेव गायतोंडे यांचे एक शीर्षकहीन पिवळसर चित्र प्रदर्शनात पाहिले. त्यात ना आकृती, ना विषय. मग अर्थ कसा लावावा?

उत्तर : अर्थाची घाई तूर्त बाजूला ठेवावी. गायतोंडे (१९२४–२००१) आपल्या चित्रांना अमूर्त न म्हणता वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कोणत्याही दृश्य वस्तूवर न बेतलेली, म्हणत. तेव्हा त्यांत दडलेला डोंगर किंवा समुद्र शोधणे व्यर्थच. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवण्याची बोथट पाती) वापरून ते रंगाचे थर एकावर एक चढवीत, काही ठिकाणी खरवडूनही काढीत. म्हणून जवळून पाहिल्यास पिवळ्याखालचा गडद थर जागोजागी डोकावतो आणि प्रकाश आतूनच झिरपत असल्याचा भास होतो. मधल्या खुणा अनोळखी लिपीसारख्या दिसतात, पण त्या वाचायच्या नसतात. चित्राचा भाव म्हणजे ती शांतता, आणि ती सावकाश जाणवते. घाईने पुढे सरकणाऱ्याला (मोबाइलवर पाहणाऱ्याला तर मुळीच) ती गवसत नाही.