देवगिरीला गाडी करून जाताय ना? मग हे ऐका

पहिल्यांदा येताय म्हणून सांगतो. संभाजीनगरात गाडी ठरवताना नुसता दर विचारू नका. दिवसाचे किमान किलोमीटर किती, चालकाचा भत्ता आत की वेगळा, पार्किंग कोण भरणार, हे आधी मेसेजवर लिहून घ्या. आमचं एकदा संध्याकाळी हिशेबावरून चांगलंच वाजलं होतं. स्वतः चालवणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, म्हणजे भाड्यानं स्वतः चालवायला परवाना असलेली गाडी घ्या. घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. जुना ओरखडा नंतर तुमच्या नावावर नको.

आता देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. यादवांची राजधानी, 1327 मध्ये तुघलकानं दिल्लीहून दरबार हलवला तो इथंच. शहरापासून जेमतेम 15 किलोमीटर, पण वेरूळचा रस्ता तटबंदीतल्या अरुंद वेशीतून जातो. रविवारी तिथं गाड्या अशा तुंबतात की विचारू नका! म्हणून सकाळी लवकर निघा. चांदमिनार, भारतमातेचं मंदिर, मेंढा तोफ निवांत बघा. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत टॉर्च लागतोच, वटवाघळांचा वासही सोसावा लागतो. वरच्या बारादरी महालापर्यंत चढायचं तर पाणी सोबत घ्या, चपला नकोत, बूट घाला.

उतरल्यावर खुलताबाद, मग वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, सोमवारी अजिंठा. आणि अजिंठा याच दिवसात कोंबू नका, तो शहरापासून वेगळ्याच दिशेला 100 किलोमीटर आहे. दिवाळीच्या आसपास आलात तर रस्त्यावरची सीताफळं घ्या, डिकीत मात्र ठेवू नका.