वाचक विचारतात, काका सांगतात : मोठे इंजेक्टर टाकले की पॉवर वाढते का?

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडे २०१६ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, टर्बो नाही, ८२ हजार किलोमीटर झालेत. महूवरून जाम गेटला जाताना चार जण बसले की घाटात गाडी एकदम दम टाकून राहिलीय, तिसऱ्यात पण ओढत नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की मोठे इंजेक्टर आणि जास्त प्रेशरचा पंप टाक, २०-२५ हॉर्सपॉवर आरामात वाढेल, २८ हजार लागतील. घरी अजून बोललो नाहीये. टाकू का?
– लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नको टाकू बाळा, आणि का नको ते नीट समजून घे म्हणजे पुढे कोणी परत हेच विकायला आलं तर तूच त्याला सांगशील.

इंजेक्टर नुसतं पेट्रोल फवारतो, इंजिनची ताकद ठरते ती हवेवर. तुझं १.२ लिटरचं इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला फार फार तर ३६०० लिटर हवा ओढणार, म्हणजे साडेतीन-चार किलो, आणि आपलं इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे म्हणून इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के पातळच. तेवढ्या हवेत तीनशे ग्रॅमच्या आसपास पेट्रोल जळू शकतं, बस. पूर्ण जळायला एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि फुल ॲक्सिलरेटरवर कंपनी आधीच थोडं जास्त पेट्रोल देते, म्हणजे एका ग्रॅमला साडेबारा-तेरा ग्रॅम हवा या प्रमाणात, कारण सगळ्यात जास्त पॉवर तिथेच मिळते. त्याच्यावर आणखी ओतलंस तर जळायला हवाच नाही, मग काळा धूर, प्लगवर काजळी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब, आणि जे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून खाली जातं ते इंजिन ऑइलमध्ये मिसळतं ते वेगळंच. वर ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, मॅपिंग (कधी किती पेट्रोल टाकायचं तो तक्ता) जुन्याच इंजेक्टरची असेल तर आयडलला, ॲक्सिलरेटर सोडून उभी असताना, गाडी खाली-वर करत राहील, कारण मोठा इंजेक्टर अगदी थोडं पेट्रोल मोजून टाकायला कच्चा पडतो. २८ हजार देऊन गाडी बिघडवून घेणं झालं हे.

आता तुझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो, घाटात दम टाकते ती. ८२ हजारांवर मला पहिला संशय येतो की पेट्रोल जेवढं कंपनीने ठरवलं तेवढं पण पोचत नाहीये. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक गाडी आली होती माझ्याकडे, उभ्या गाडीत पेट्रोलचं प्रेशर बरोब्बर ३ बार, सगळं ठीक दिसायचं. मग पेट्रोलच्या पाइपात टी-जोड लावून प्रेशरचं गेज बाहेर काढलं, वायपरखाली टेपने काचेवर बाहेरून चिकटवलं आणि राऊच्या पुढे मोकळा रस्ता बघून तिसऱ्यात पूर्ण दाबली, चार हजारला काटा हळूहळू सरकत २.२ वर येऊन बसला. इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने बदलतं, म्हणजे तिथे जवळपास १४ टक्के पेट्रोल कमी पडत होतं. टाकी उघडली तर पंपाच्या खालची जाळी तपकिरी काळी, गाळ बसून अगदी धुवायची राहून गेलेली चहाची गाळणी. जाळी आणि फिल्टर बदलले, परत त्याच रस्त्यावर नेली, काटा तीनवरून हलला नाही. गाडीवाल्याला वाटलं मी काहीतरी स्पेशल बसवलंय.

तेव्हा तू आधी चालू गाडीत, लोडवर प्रेशर बघायला सांग, नुसतं उभ्या गाडीत बघून "ओके आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नको. सोबत पंपाच्या कनेक्टरवर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोज, साडेतेराच्या जागी साडेअकरा मिळत असेल तर पंप चांगला असून हळू फिरणार, दोष वायरिंगचा किंवा रिलेचा. ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते, पण बघून घे, तो सतत अधिक दहा टक्क्यांच्या वर असेल तर ईसीयू कमी पडणारं पेट्रोल भरून काढतोय असं समज. एअर फिल्टर, प्लग, क्लच सरकतोय का, हे ओघाने आलंच. हे सगळं नीट असूनही घाटात कमी वाटली तर मग ती १.२ लिटरची गाडी आहे आणि आत चार माणसं आहेत, दुसऱ्या गिअरमध्ये चढव.

प्रश्न : माझी तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल आहे, १२० हॉर्सपॉवर. रीमॅप करून, म्हणजे ईसीयूची मॅपिंग बदलून, १५० करायची आहे. ट्यूनर म्हणतो फ्युएल सिस्टमला हात लावायची गरज नाही. खरं का?
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : इथे प्रश्न बरोबर विचारलात दादा, कारण टर्बो हवा दाबून आत भरतो, तिथे हवा खरंच वाढते आणि मग पेट्रोल मागे राहिलं तर पिस्टन जातो. हिशोब घरीच करा. टर्बो इंजिनला एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ६ सीसी पेट्रोल धरायचं. १५० चे झाले ९००, तीन इंजेक्टरमध्ये ३००-३००, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही म्हणून प्रत्येकी मिनिटाला ३७५ सीसी देणारा लागतो. तुमचे किती सीसीचे आहेत ते ट्यूनरला विचारा, आणि त्याला सांगता येत नसेल तर गाडी तिथून परत घेऊन या. त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरला पेट्रोलच्या दोन तृतीयांश एनर्जी, म्हणजे त्याच पॉवरला सहा-सात टक्के जास्त ओतावं लागतं, तो हिशोबही धरा.

नुसतं प्रेशर वाढवून भागवू असं कोणी म्हटलं तर लक्षात ठेवा, १० टक्के जास्त पेट्रोल हवं तर प्रेशर २१ टक्के वाढवावं लागतं, आणि प्रेशर वाढलं की पंप देतो ते पेट्रोल कमी होत जातं, दोन्हीकडून मार. हा सगळा हिशोब पोर्ट इंजेक्शनचा झाला, जिथे पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर हवेच्या वाटेत फवारतात. तुमची डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये फवारणारी, असेल तर इंजिनवर कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप असतो, तिथे कुठल्याही गॅरेजात प्रयोग करू नका.

पेट्रोल कमी पडल्याची खूण प्लगवर दिसते. काढून उन्हात बघा, पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणासारखे चकचकीत ठिपके दिसले तर तो वितळलेल्या पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे, त्या दिवशीच गाडी थांबवायची. मी तर म्हणेन रीमॅप करायचाच तर गाडीत वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावून, फुल लोडवरचं प्रमाण डोळ्यांनी बघूनच करा. आणि कुठलाही बदल करायच्या आधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांशी बोलून घ्या, मोटार व्हेइकल ॲक्टचं कलम ५२ आहे, आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायला परवानगी नाही, आणि न सांगता केलेल्या बदलावरून क्लेम अडकतो. वेग बघायची हौस भेरूघाटात भागवू नका, तिथे ट्रक ब्रेक तापलेले घेऊन उतरत असतात.

प्रश्न : काका, महिन्यापूर्वी टाकीतला पंप बदलला. तेव्हापासून फुल टाकी केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो, मुलं तिथेच बसतात. गॅरेजवाले म्हणतात होईल कमी.
– राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, कमी होणार नाही, आणि तोपर्यंत मुलांना त्या गाडीत बसवू नका. पंपाच्या झाकणाखाली एक रबरी रिंग असते, ती दर वेळी नवी टाकायची असते, जुनी फुगलेली परत दाबून बसवली की टाकी भरली की तिथून पाझरतं. दुसरी शक्यता, पाइपचा क्लिपवाला जोड पूर्ण आत गेलेला नाही, तो टक् असा आवाज होऊन बसतो. मागची सीट काढून दोन्ही तुमच्यासमोर बघायला लावा. काम करताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवायचं म्हणजे पाइपमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मोबाइलचा टॉर्च चालेल पण वायरचा उघडा बल्ब अजिबात नाही. नवी रिंग टाकल्यावर टाकी फुल करून गाडी एक रात्र उभी ठेवा, सकाळी दार उघडून आधी वास घ्या.